रसायनग्राही प्रथिने, सूक्ष्मजंतूंतील

सूक्ष्मजंतूंच्या कोशिकापटलात (कोशिकेभोवतीच्या पातळ आवरणात) रुतलेली आणि सभोवतालच्या पाण्यातील विशिष्ट रासायनिक द्रव्यांची वार्ता कोशिकेच्या अंतर्भागास पोहोचविणारी प्रथिने. या वार्तेनुसार सूक्ष्मजंतू पोषक द्रव्यांकडे सरकतात अथवा अपायकारक द्रव्यांपासून दूर जातात. अशा दिशायुक्त हालचालीस रसायनानुचलन म्हणतात. माणसाच्या व इतर उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहणाऱ्या एशेरिकिया कोलाय (ई. कोलाय) या सूक्ष्मजंतूत अशी पाच प्रथिने असून संक्षिप्त नावांनी ती टीएसआर, टार, टीआरजी, टॅप व एअर अशी ओळखली जातात. त्यांपैकी टीएसआर हे सेरीन या ॲमिनो अम्लाची, तर टार हे ॲस्पार्टिक अम्लाची व माल्टोज शर्करेची दखल घेते. टीआरजी रिबोज व गॅलॅक्टोज या शर्करांशी, टॅप द्विपेप्टाइडांशी आणि एअर हे ऑक्सिजन व कोशिकेची ऊर्जास्थिती यांच्याशी निगडित आहे. संशोधनासाठी आज प्रयोगशाळांना लागणारी ही प्रथिने बहुतेक सर्व पुनःसंयोजित असतात. म्हणजे त्यांचे जीन (आनुवंशिक घटक) प्लाझ्मिडात जोडून, ते प्लाझ्मिड पोषक कोशिकेत घालून आणि तिच्याकरवी विपुल प्रथिन तयार करवून घेऊन ती मिळविलेली असतात.

या प्रथिनांविषयीचे ज्ञान मुख्यत्वे ई. कोलाय व साल्मोनेला या दोन सूक्ष्मजंतूंवरून मिळाले असले, तरी त्यांचे कार्य आतड्यापुरते मर्यादित नाही. बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा हे गाव बालाघाटाच्या पठारावर धुळे-सोलापूर महामार्गालगत वसले आहे. या पठारावरील कोरडवाहू शेतीत तुरीसारख्या कडधान्याच्या मुळांवर ज्या गाठी येतात, त्या जमिनीतील सूक्ष्मजंतूंनी निर्माण केलेल्या असतात. हे सूक्ष्मजंतू मुळापर्यंत पोहोचतात, ते काही अंशी याच प्रकारच्या प्रथिनांच्या साहाय्याने. परीक्षानळीत सिद्ध झालेली ही गोष्ट शेतात कितपत खरी ठरते, हा प्रश्न मात्र सोपा नाही. त्याचा विचार लेखाच्या अखेरीस केला आहे. प्रथम ‘ग्राही’ ही कल्पना प्रत्यक्ष द्रव्याच्या रूपाने हाती कशी आली, ते पाहणे आवश्यक आहे; कारण सुमारे शतकभर ती केवळ अनुमानाच्या स्वरूपातच होती.

पूर्वेतिहास : डच निरीक्षक आंतोन व्हान लेव्हेनहूक यांनी १६७६ मध्ये पाण्यातील सूक्ष्म जीव हालचाल करताना पाहिले होते, परंतु या हालचालीस काही दिशा असते, हे लक्षात येण्यास दोन शतके लागली. जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक टेओडोर व्हिल्हेल्म एंगेलमान यांना १८८१ च्या सुमारास असे आढळले की, प्रकाशात ठेवलेल्या हिरव्या शैवलाभोवती काही सूक्ष्मजंतू गोळा होतात. शैवलातून बाहेर पडणारा ऑक्सिजन त्यांना खेचून घेत होता. एंगेलमान यांनी या सवयीचा मोठ्या चातुर्याने उपयोग केला. शैवलाच्या तंतूवर त्यांनी सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि सूक्ष्मजंतूंचे थवे तांबड्या व निळ्या पट्ट्यांत दाटतात असे दाखविले. अशा रीतीने कोणत्या रंगाच्या प्रकाशात प्रकाशसंश्लेषण अधिक होते, याची मोजणी सूक्ष्मजंतूंकडूनच करवून घेतली गेली.

व्हिल्हेल्म फेफर हे जर्मन वनस्पतिवैज्ञानिक या शाखेचे खरे संस्थापक होत. नेच्याचे चल शुक्राणू मॅलिक अम्लाकडे पोहत जातात, हे त्यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केले व त्यानंतर हाच अभ्यास सूक्ष्मजंतूंपर्यंत नेला. त्यांची रीत अत्यंत साधी होती. मांसाचा अर्क भरलेली केसासारखी बारीक काचनळी सूक्ष्मजंतूंच्या थेंबात खुपसावयाची व सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या तोंडाकडे पाहावयाचे. थोड्याच वेळात तोंडाशी व नळीच्या आत सूक्ष्मजंतूंची गर्दी होई. फेफर यांना आढळलेली आणखी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. सूक्ष्मजंतूंना फरक जाणवण्यासाठी द्रव्याची संहती (विद्रावातील प्रमाण) ठराविक मात्रेने नव्हे, तर ठराविक पटीने वाढावी लागते. माणसाच्या संवेदनांस लागू पडणारा वेबर यांचा नियम एका कोशिकेच्या जीवासही लागू पडावा, ही गोष्ट त्या काळी चकित करणारी होती आणि तिचा उलगडा व्हावयास पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली.

फेफर यांच्यानंतर हा विषय मागे पडला. प्रयोगातील सूक्ष्मजंतूंच्या जाती पुरेशा निश्चित नसत आणि मांसाचा अर्क म्हणजे तर शेकडो द्रव्यांची खिचडीच. त्यामुळे ‘सूक्ष्मजंतू अन्नाकडे जातात’ या सामान्य विधानापलीकडे जाता येत नव्हते. त्या विधानात एक संदिग्धताही दडलेली होती. सूक्ष्मजंतू एखाद्या द्रव्याकडे जातो, तो ते द्रव्य ‘ओळखून’ जातो की ते खाऊन मिळणाऱ्या ऊर्जेमुळे त्याचे चलन बदलते? दुसरा पर्याय खरा असेल, तर ग्राहीची कल्पनाच अनावश्यक ठरते.

ॲडलर यांचे कार्य : हा प्रश्न निकालात काढण्याचे श्रेय ज्यूलियस ॲडलर यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म १९३० मध्ये जर्मनीत झाला; १९३८ मध्ये ते कुटुंबासमवेत अमेरिकेत गेले आणि १९६० पासून विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी या विषयाचा पाठपुरावा केला. त्यांनी फेफर यांचीच काचनळी घेतली. परंतु दोन सुधारणा केल्या. मांसाच्या अर्काऐवजी त्यांनी ज्यातील प्रत्येक घटक ज्ञात आहे, असे कृत्रिम माध्यम वापरले व अज्ञात जातींच्या जागी आनुवंशिकी दृष्ट्या चांगल्या परिचयाचा ई. कोलाय हा सूक्ष्मजंतू घेतला. तासाभराने नळीतील द्रव पोषक माध्यमावर पसरून किती वसाहती वाढतात हे मोजले की, किती सूक्ष्मजंतू आत शिरले याचा आकडाच मिळे. निरीक्षणाच्या जागी मोजणी आली व विषयाचे स्वरूप पालटले.

ॲडलर यांनी १९६९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध अनुमानपद्धतीचा नमुना म्हणून आजही वाचण्याजोगा आहे. उत्परिवर्तनामुळे (आनुवंशिक बदलामुळे) गॅलॅक्टोज पचविता न येणारे वाण त्यांनी घेतले. ते गॅलॅक्टोजकडे पूर्वीसारखेच धावले. फ्यूकोज ही गॅलॅक्टोजसारखी रचना असलेली शर्करा कोशिकेस वापरता येत नाही, तरीही ती आकर्षक ठरली. उलट ग्लिसरॉल हे सहज वापरले जाणारे अन्न असूनही त्याकडे ढुंकून पाहिले गेले नाही. पोटभर अन्न सर्वत्र उपलब्ध असतानाही सूक्ष्मजंतू गॅलॅक्टोजच्या नळीत शिरले. म्हणजे अन्नमूल्य आणि आकर्षण यांचा संबंध तुटला. यापुढचा प्रयोग तर निर्णायकच म्हटला पाहिजे. माध्यमात सर्वत्र फ्यूकोज मिसळले असता सूक्ष्मजंतूंना गॅलॅक्टोजची जाणीव होईना. परंतु सेरीनची जाणीव मात्र शाबूत राहिली. एकाच कुलपात दुसरी तत्सम किल्ली अडकून बसावी व शेजारचे कुलूप मोकळे राहावे, तसा हा प्रकार होता. याचा अर्थ कुलपे अनेक असून ती वेगवेगळी आहेत. गॅलॅक्टोज, ग्लुकोज, रिबोज, ॲस्पार्टेट व सेरीन यांसाठी किमान पाच ग्राही असावेत, असा निष्कर्ष ॲडलर यांनी काढला. आज ज्ञात असलेली ई. कोलायची पटलस्थ प्रथिनेही पाचच आहेत. परंतु ही पाच ती पाच नव्हेत, संख्या जुळणे हा केवळ योगायोग आहे.

यातही एक मेख होती. ग्राही आहेत हे सिद्ध झाले. पण ग्राही कोणी पाहिला नव्हता, वेगळा केला नव्हता, तोलला नव्हता. जेरल्ड हेझलबाउअर व ॲडलर यांनी १९७१ मध्ये गॅलॅक्टोज बांधून ठेवणारे एक प्रथिन हाच गॅलॅक्टोजचा ग्राही असल्याचे दाखविले, तेव्हा शोध संपला असे वाटले असावे. परंतु ते प्रथिन आतील व बाहेरील पटलांमधील पोकळीत तरंगणारे होते, आतल्या पटलाच्या आरपार गेलेले नव्हते. त्याने पकडलेल्या शर्करेची वार्ता आत कोण नेतो, हा प्रश्न उरलाच.

स्मृती आणि मिथिल गट : याच सुमारास दोन दिशांनी महत्त्वाची भर पडली. हॉवर्ड बर्ग यांनी पोहणाऱ्या एकाच सूक्ष्मजंतूचा त्रिमितीय माग काढणारा सूक्ष्मदर्शक बनविला आणि १९७२ मध्ये डग्लस ब्राउन यांच्यासह असे दाखविले की, ई. कोलाय सुमारे एक सेकंद सरळ पोहतो, मग क्षणभर गिरक्या घेतो व कोणत्या तरी नव्या दिशेने पुन्हा पोहू लागतो. आकर्षक द्रव्याची संहती वाढत असेल, तर सरळ पोहणे लांबते. बस्स, एवढीच युक्ती. दिशा निवडणे त्यास येत नाही, चुकीची दिशा लवकर सोडणे तेवढे येते. त्याच वर्षी रॉबर्ट मॅकनॅब व डॅन्येल कॉशलंड यांनी सूक्ष्मजंतू असलेले माध्यम व द्रव्य अत्यंत वेगाने मिसळून संहतीत एकाएकी वाढ घडवून आणली. मिश्रणात कोठेही उतार नसताना सूक्ष्मजंतू काही काळ गिरक्या न घेता सरळ पोहत राहिले. यावरून ते आपल्या शरीराच्या दोन टोकांची तुलना करीत नसून आताच्या क्षणाची मागच्या क्षणाशी तुलना करतात, असे ठरले. दोन मायक्रोमीटर (मीटरचे दोन दशलक्षांश) लांबीच्या जीवास काही सेकंदांची स्मृती असते, असा याचा अर्थ होतो. कशाभिका (चाबकासारखे चलन-अवयव) फटकारे मारीत नसून मळसूत्राप्रमाणे फिरतात, हेही १९७३-७४ मध्ये स्पष्ट झाले.

दुसरी दिशा जीवरासायनिक होती. मिथिओनीन हे ॲमिनो अम्ल न मिळाल्यास सूक्ष्मजंतूंचे पोहणे चालू राहते, परंतु रसायनानुचलन नाहीसे होते, असे ॲडलर व मार्गारेट डाल यांना १९६७ मध्येच आढळले होते. मिथिओनीन हा कोशिकेतील मिथिल गटांचा पुरवठादार असल्याने त्यांचा येथे काही उपयोग होत असावा, अशी शंका आली. किरणोत्सर्गी मिथिल गट वापरून १९७५ मध्ये ॲडलर यांच्या सहकाऱ्यांनी पटलातील एका प्रथिनावर ते गट जोडले जातात असे दाखविले. आकर्षक द्रव्य मिळाले की मिथिल गट वाढत, ते काढून घेतले की कमी होत. हीच ती स्मृती. ग्राहीवर जोडलेले मिथिल गट म्हणजे नुकत्याच गेलेल्या क्षणाची नोंद होय. ते जोडणारे व काढणारे अशी दोन एंझाइमे कॉशलंड यांच्या प्रयोगशाळेत १९७७-७८ मध्ये ओळखली गेली. वेबर यांच्या नियमाचे मूळही येथेच आहे. पार्श्वभूमीची संहती कितीही असली, तरी मिथिल गट ग्राहीस पुन्हा तटस्थ स्थितीत आणून ठेवतात व पुढील तुलना पटीतच होते.

तथापि ही मिथिल गट स्वीकारणारी प्रथिने म्हणजेच ग्राही, असे कोणी लगेच मानले नाही. ती मधले दूत असावीत व खरे ग्राही वेगळे असावेत, असा समज होता. गॅलॅक्टोज व रिबोज यांच्या बाबतीत तो खराही होता. परंतु सेरीन व ॲस्पार्टेट ही थेट या पटलस्थ प्रथिनांशीच जोडली जातात, असे १९७९-८० मधील प्रयोगांनी दिसून आले. ग्राही आणि दूत एकच निघाले.

पुनःसंयोजन : यापुढील अडचण प्रमाणाची होती. एका कोशिकेत अशा प्रथिनांचे रेणू काही हजारच असतात. ते पटलातील मेदात रुतलेले असल्याने तेथून ओढून काढताना त्यांची घडी बिघडते. बादल्या भरभरून सूक्ष्मजंतू वाढविले, तरी हाती येणारे शुद्ध द्रव्य अल्प. स्टॅन्ली कोएन व हर्बर्ट बॉयर यांनी १९७३ मध्ये विकसित केलेल्या पुनःसंयोजित डीएनए तंत्राने ही कोंडी फुटली. या तंत्राच्या संभाव्य धोक्यांविषयी कॅलिफोर्नियातील ॲसिलोमार येथे १९७५ मध्ये शास्त्रज्ञांची परिषद भरली, तो काळ आणि रसायनग्राहींच्या जीनांच्या शोधाचा काळ जवळजवळ एकच होय. मायकेल सिल्व्हरमन व मेल्व्हिन सायमन यांनी ई. कोलायच्या कशाभिका व रसायनानुचलन यांचे जीन लॅम्डा या सूक्ष्मजंतुभक्षक विषाणूच्या डीएनएमध्ये जोडले आणि त्या जीनांपासून कोणती प्रथिने बनतात ते एकेक करून दाखवून दिले.

येथे एक गमतीदार बाब नमूद करण्यासारखी आहे. मानवी इन्शुलीन सूक्ष्मजंतूकडून तयार करवून घेणे म्हणजे परक्या जीनाला परक्या घरात नांदविणे होय. रसायनग्राही प्रथिनांच्या बाबतीत मात्र ई. कोलायचेच जीन काढून पुन्हा ई. कोलायमध्येच घातले जाते. मग पुनःसंयोजन ते कशासाठी? स्वतःच्या गुणसूत्रावर तो जीन कडक नियंत्रणाखाली असतो. प्लाझ्मिडावर त्याच्या अनेक प्रती होतात व त्याचा वेग प्रयोगकर्त्याच्या हाती येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो जीन हवा तेथे कापता येतो, हवे ते अक्षर बदलता येते, एका ग्राहीचे शीर व दुसऱ्याचे धड असा सांधाही करता येतो.

या जीनांचे न्यूक्लिओटाइड अनुक्रम १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनी एकाच वेळी अनेक कोडी सोडविली. टीएसआर हे ५५१, तर टार हे ५५३ ॲमिनो अम्लांचे प्रथिन निघाले. दोन्ही पटलातून दोनदा आरपार जातात. मधला भाग बाहेर पोकळीत राहतो व लांब शेपटीसारखा भाग कोशिकेच्या आत लोंबतो. बाहेरचे भाग एकमेकांपासून बरेच भिन्न, तर आतले भाग पुष्कळच सारखे. निरनिराळ्या द्रव्यांची ओळख वेगळी, पण आत पोहोचणारा संदेश एकच, याचे कारण त्यांच्या बांधणीतच होते. सायमन यांच्या गटाने १९८५ मध्ये टीएसआर व टार यांच्या जीनांचे तुकडे सांधून संकरित ग्राही बनविले व ते कार्य करतात असे दाखविले. जपानी शास्त्रज्ञ उत्सुमी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये याहून धाडसी सांधा जुळविला. टारचा बाहेरचा भाग त्यांनी ज्याचा चलनाशी काहीही संबंध नाही अशा एन्व्हझेड या प्रथिनाच्या आतल्या भागास जोडला. माध्यमात ॲस्पार्टेट घालताच एन्व्हझेडच्या अखत्यारीतील जीन कामाला लागला. विशिष्ट द्रव्याची चाहूल लागताच प्रकट होणारे कृत्रिम संवेदक सूक्ष्मजंतू बनविण्याच्या आजच्या प्रयत्नांत या प्रयोगाचा वारसा आहे.

शुद्ध प्रथिन मिळविण्याची आजची रीत साधारणतः अशी असते. जीन अशा प्लाझ्मिडात जोडतात की, त्याचे वाचन टी-७ या विषाणूच्या एंझाइमाकडून होते (ही योजना १९८६ मध्ये पुढे आली). प्रथिनाच्या एका टोकास हिस्टिडीन या ॲमिनो अम्लाच्या सहा घटकांचे शेपूट जोडलेले असते. कोशिका फोडून निघालेला रस निकेल धातूचे अणू बसविलेल्या कणांच्या स्तंभातून सोडला की, हे शेपूट निकेलला चिकटून राहते व बाकीची हजारो प्रथिने वाहून जातात. ग्राहीचा केवळ बाहेरचा भाग हवा असेल, तर तो पाण्यात विरघळणारा असल्याने काम सोपे असते. संपूर्ण ग्राही हवा असेल, तर त्यास मेदाचा आधार द्यावा लागतो. त्यासाठी प्रक्षालकांचा (साबणासारख्या द्रव्यांचा) किंवा अलीकडे मेदाच्या नॅनोमीटर आकाराच्या चकत्यांचा उपयोग करतात. तयार प्रथिन ग्लिसरॉलयुक्त विद्रावात गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली ठेवतात. त्याच्या कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेले असते व ते अक्षरशः खरे असते. ते औषध नव्हे, लस नव्हे आणि सजीवही नव्हे. जनुकीय बदल केलेले सूक्ष्मजंतू हाताळण्यास भारतात १९८९ चे नियम लागू आहेत. कुपीतील प्रथिनाविषयी सामान्य वाचकाच्या मनात येणारी भीती बहुधा या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने येते.

अशा शुद्ध केलेल्या साल्मोनेलाच्या टार प्रथिनाच्या बाहेरील भागाचे स्फटिक करून कॉशलंड व सुंग-हाऊ किम यांच्या गटांनी १९९१ मध्ये त्याची त्रिमितीय संरचना निश्चित केली. ॲस्पार्टेटसह आणि ॲस्पार्टेटविना अशी दोन्ही प्रकारची. ग्राही जोडीने असतात आणि ॲस्पार्टेटचा रेणू दोघांच्या सांध्यात बसतो, हे त्यामुळे डोळ्यांना दिसले. ॲडलर यांनी अनुमानाने सांगितलेले कुलूप बावीस वर्षांनी असे उघडे झाले. किल्ली बसल्यावर काय होते? पुढील प्रयोगांनुसार पटलातून जाणारी एक मळसूत्री कांडी आतल्या बाजूस एक ते दोन अँगस्ट्रॉम सरकते (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटींश). एवढ्याशा सरकण्याने दूर आतल्या टोकाशी असलेल्या चे-ए या एंझाइमाचे कार्य मंदावते. परिणामी चे-वाय या लहान प्रथिनास फॉस्फेट गट कमी मिळतात, कशाभिकेची चालकयंत्रणा उलट फिरणे टाळते आणि सूक्ष्मजंतू सरळ पोहत राहतो.

तरीही सुटा केलेला ग्राही सर्व काही सांगत नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. परीक्षानळीतील तुकडा ॲस्पार्टेट किती घट्ट पकडतो, हे अचूक मोजता येते. परंतु जिवंत सूक्ष्मजंतूची संवेदनक्षमता त्या मोजमापावरून येणाऱ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक असते. जेनिन मॅडॉक व ल्युसी शपायरो यांनी १९९३ मध्ये ग्राही पटलभर विखुरलेले नसून कोशिकेच्या टोकांशी दाटीवाटीने असतात असे दाखविले. ग्राहींच्या तीन-तीन जोड्यांचे झुबके व त्या झुबक्यांची षट्कोनी जाळी अशी ही रचना आहे. व्हिक्टर सूरजिक व बर्ग यांच्या २००२ मधील मापनानुसार या समूहातून जाताना संदेश सुमारे ३५ पट वर्धित होतो. शेजारी शेजाऱ्याला खेचतो, असे याचे स्थूल कारण आहे. म्हणजे पुनःसंयोजनाने ग्राही हाती आला खरा, पण हाती आलेला ग्राही एकटा होता; संवेदना समूहात होती. म्हणूनच मेदाच्या चकत्यांत एक, दोन, तीन अशा मोजक्या जोड्या बसवून समूहाची सुरुवात कोठे होते, हे शोधण्याचे प्रयोग २००६ पासून झाले.

महाराष्ट्रातील संशोधन : मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या रासायनिक अभियांत्रिकी विभागात के. व्ही. वेंकटेश व महेश तिरुमकुडुलू यांच्या गटाने ई. कोलायच्या रसायनानुचलनाचा अभ्यास केला आहे. रासायनिक अभियंत्यांनी या विषयात यावे, यात आश्चर्य नाही. द्रवातील संहतीचे उतार व कणांचे वहन हे त्यांचे नेहमीचेच क्षेत्र. सेरीनच्या व मिथिल-ॲस्पार्टेटच्या नियंत्रित उतारात सूक्ष्मजंतू किती वेगाने सरकतात, यासंबंधीचे त्यांचे निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ही दोन द्रव्ये अनुक्रमे टीएसआर व टार यांची खास द्रव्ये होत. ग्राही केवळ गिरक्यांची वारंवारता बदलतात, पोहण्याचा वेग नव्हे, अशी पाठ्यपुस्तकी समजूत आहे. आकर्षक द्रव्याची चाहूल लागल्यावर चालकयंत्रणेचा वेगही बदलतो, असे या गटाने २०१६ मध्ये मांडले. ॲडलर यांनी तोडलेला ऊर्जा आणि संवेदना यांचा संबंध वेगळ्या पातळीवर पुन्हा चर्चेस आला, असे यास म्हणता येईल. संदेशाच्या दुसऱ्या टोकाविषयी, म्हणजे चालकयंत्रणा स्वतःची घडण बदलून चे-वायच्या पातळीशी जुळवून घेते याविषयी, पुष्कर लेले व बर्ग आणि त्यांचे सहकारी यांचा हार्व्हर्ड विद्यापीठातील निबंध (२०१२) उल्लेखनीय आहे.

जमिनीतील कार्य : कडधान्यांच्या मुळांतून ॲमिनो अम्ले, शर्करा व फ्लॅव्होनॉइडे पाझरतात. एम्स व बर्गमन यांनी १९८१ मध्ये लसूणघासाच्या मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियमाच्या चल व अचल वाणांची स्पर्धा लावून पाहिली. अचल वाणही गाठी करू शकत होते. परंतु दोन्ही एकत्र असता चल वाणाची सरशी होई. म्हणजे चलन ही गाठीसाठी अट नव्हे, स्पर्धेतील लाभ आहे. याच सूक्ष्मजंतूच्या एमसीपी-यू या ग्राहीचा बाहेरील भाग पुनःसंयोजनाने तयार करून अमेरिकेतील बिर्गिट शार्फ यांच्या गटाने २०१४ मध्ये असे सिद्ध केले की, मुळांतून पाझरणारे प्रोलीन हे ॲमिनो अम्ल त्यास थेट जोडले जाते. ‘ओळखतो की खातो’ हा जुना प्रश्न जमिनीतील सूक्ष्मजंतूच्या बाबतीत याप्रमाणे शुद्ध प्रथिनाच्या साहाय्याने सुटला. तुरीच्या मुळांवर मुख्यतः ब्रॅडिरायझोबियम वंशातील सावकाश वाढणारे सूक्ष्मजंतू असतात. तेही पोहणारे असून त्यांच्याकडेही अनेक रसायनग्राही आहेत.

परंतु पोहण्यास पाणी लागते. मातीच्या कणांभोवती पाण्याचे सलग पटल असेल, तरच सूक्ष्मजंतूस मुळाकडे जाता येते. माती वाळून ते पटल तुटले की उत्तम ग्राही असूनही त्यास जागीच राहावे लागते. मांजरसुंब्यासारख्या अवर्षणप्रवण भागातील हलक्या, उथळ जमिनीत पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, तर नेमके हेच घडते. प्रयोगशाळेतील काचनळी नेहमी पाण्याने भरलेली असते, याचा विसर पडल्यास रसायनानुचलनाचे शेतातील महत्त्व वाजवीपेक्षा अधिक वाटू लागते. दुसरी बाजू अशी की, जमिनीत वर्षानुवर्षे असलेले स्थानिक सूक्ष्मजंतू संख्येने फार असतात आणि बियाण्याबरोबर आलेल्या निवडक वाणास त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते. ओल पुरेशी असेल त्या दिवसांत या स्पर्धेत चलनाचा उपयोग होतो.

बीजप्रक्रियेची प्रचलित शिफारस या अडचणीशी सुसंगत आहे. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम संवर्धन गुळाच्या थंड केलेल्या पाण्यातून हलक्या हाताने चोळतात, बी सावलीत सुकवितात व लवकरात लवकर ओलीवर पेरतात. त्यामुळे सूक्ष्मजंतू अंकुरणाऱ्या मुळाच्या अगदी लगतच असतो आणि पोहून कापावयाचे अंतर थोड्या मिलिमीटरांवर येते. बदनापूर (जि. जालना) येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेले बीडीएन ७११ सारखे तुरीचे लवकर तयार होणारे वाण मराठवाड्यात पेरले जातात, तेव्हाही बियाण्यास ही प्रक्रिया करण्याची शिफारस असते. मूळ जसे खोल जाते, तसे या सूक्ष्मजंतूंचे वंशज त्याच्या मागोमाग कितपत जातात व त्यात ग्राहींचा वाटा किती, हे मातीच्या ओलीनुसार दर हंगामास बदलते.